कादंबरीतला खापरपणजोबा

"सोयरीक ठरताना दिलेली आमची कोलाची फळं परत द्या," फामागान केइता म्हणाले आणि त्यांनी चटईवर एक पुस्तक टाकलं. "पान एकशे बारा."

पुस्तक लासिने कुयातेचं होतं. राजधानीत, बामाकोत छापलेली त्याची पहिली कादंबरी. तिच्यातल्या सरदाराचा खापरपणजोबा मिठाच्या चार लाद्या देऊन आणलेला गुलाम निघतो. लासिनेनं नाव बदललं होतं; पण टेकडी, विहीर, तिघे भाऊ, सगळं गावच्या सरदारांचं, तुंकारांचंच होतं. साऱ्या गावानं ते ओळखलं. तुंकारांच्या न्येलेनीचं लग्न केइतांच्या मुलाशी ठरलं होतं, आणि केइता गुलामाच्या वंशातली मुलगी घरात आणत नाहीत. तीन आठवडे न्येलेनी दाराबाहेर पडली नव्हती.

लासिने तुंकारांच्या अंगणात कडेला बसला होता. शेजारी त्याचे वडील, मकान. कुयाते हे पिढ्यान्‌पिढ्या तुंकारांचे भाट. घराण्याची वंशावळ त्यांच्या तोंडी आणि लग्नाची बोलणीही त्यांच्याकडे. ही सोयरीक मकाननीच जुळवली होती.

लासिने उभा राहिला. "काका, ते मी रचलंय. कादंबरी आहे ती."

"कुयाते कधीपासून रचायला लागले?" फामागान म्हणाले. "भाट खोटं बोलतो ते बिदागी घेऊन. तू फुकट कशाला बोलशील?"

कुणीतरी हसलं. न्येलेनीचा बाप बुरामा हसला नाही. तो लासिनेकडे नुसता बघत होता.

रचलंय म्हणून भागणार नव्हतं. भाटाच्या घरात त्या शब्दाला जागाच नव्हती. एक तर ऐकलेलं सांगायचं, नाही तर ते खोटं. लासिनेनं टोपी काढून हातात घेतली.

"मी खोटं लिहिलं," तो म्हणाला. "तुंकारांविषयी मला कुणी काही सांगितलेलं नाही. आपलं नाव व्हावं म्हणून लिहिलं."

 फामागाननी पुस्तक पायानं बाजूला सारलं.

"कोला राहू दे. मुलगी आम्हाला पसंत आहे. पण ज्या घरात एक जण खोटं लिहितो, त्या घराच्या तोंडून आमच्या मांडवात पूर्वजांची नावं नकोत."

बुरामानं मान खाली घातली. पण तो नाही म्हणाला नाही. मकान काठी टेकत उठले आणि घरी गेले.

लग्न ठरल्या गुरुवारी झालं. वंशावळ सांगायला दुसऱ्या गावचा भाट आणला होता. त्याचा आवाज भिंतीपलीकडून कुयात्यांच्या अंगणात येत होता. बापलेक आंब्याखाली बसले होते. भाटाचं चार तारांचं वाद्य, न्गोनी, मकानच्या मांडीवर होती. तुंकारांच्या लग्नात ती घरी राहण्याची ही पहिलीच वेळ.

"बाबा, माझ्यामुळे तुमचं तोंड बंद झालं."

"तो गुलाम तुला सुचला कुठून?"

"तुमच्याकडूनच," लासिने म्हणाला. "तुंकारांची नावं सांगताना तुम्ही चौथ्या नावानंतर थांबता. तार जुळवता. मग पुढचं नाव घेता. लहानपणापासून मला वाटायचं, त्या मधल्या जागेत कुणीतरी असेल. मी तिथे एक माणूस बसवला. बस, एवढंच."

पलीकडे नवा भाट चौथं, पाचवं, सहावं नाव एका दमात म्हणून गेला.

मकान कान देऊन ऐकत होते. त्यांचा हात वाद्यावर नुसता पडून होता.

"सभेत तू खोटं बोललास, बरं केलंस," ते हळू आवाजात म्हणाले. "माझे वडीलही तिथेच तार जुळवायचे आणि त्यांचे वडीलही. ती तार उतरलेली कधीच नसते."