तारांमधलं बोट

टेम्पोच्या फाळक्यात भाविकाचं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट चेंगरलं, तेव्हा कॅरमच्या राज्य स्पर्धेसाठी तिची नुकतीच निवड झाली होती. मधल्या सांध्याचा चुरा झाला होता. पहिल्या दवाखान्यात बोट कापायला सांगितलं, तसे तिचे वडील केसरीनाथ तिला वळ गावातून तडक भिवंडीला डॉक्टर यामिनी करंदीकरांकडे घेऊन आले. डॉक्टरांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांतून बारीक तारा आरपार घातल्या, बाहेर त्यांची चौकट केली आणि रबरांनी बोट ताणून धरलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाविका, आता वाकव." केसरीनाथ पुढे धावले. "मॅडम, नको! आत सगला चुरा हाय, परत सुटंल!" "काका, चौकट तुकडे सांभाळतेय. पण आत्ता हललं नाही, तर सांधा कायमचा आखडेल." भाविकाने जोर लावला. सुजलेलं, काळंनिळं बोट तसंच पडून राहिलं. तिने ओठ आवळून पुन्हा जोर लावला आणि तारांमधून बोट हळूहळू खाली झुकलं. "अजून!" डॉक्टर ओरडल्याच. ते आणखी वाकलं. "बाबा, बघा, मीच वाकवतेय!" भाविका रडता रडता हसत होती. केसरीनाथ मात्र केव्हाच दार ढकलून बाहेर पळाले होते. व्हरांड्यात नंबर लावून बसलेल्या एका अनोळखी पॉवरलूम कामगाराचे खांदे धरून ते त्याला गदागदा हलवत होते, "हिला, भाई! मेरे बेटी का उंगली हिला!" त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं, तरी त्याने उठून त्यांना मिठी मारली.