दस्ती
दसऱ्याच्या पूजेला मी टॅक्सीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं अन् किल्ली फिरवली. इंजिन मिसिंग मारू लागलं, गाडी थरथरली. ओट्यावरून सासू ओरडली, “विधवेनं कुंकवाला हात लावला, मंग दुसरं काय व्हनार!” दिरानं खिशातल्या दस्तीनं माझं स्वस्तिक पुसलं. नवरा गेल्यापासून जालन्याचं भाडं मीच मारते. मी बॉनेट उघडलं, स्पार्क प्लगवरची एकेक कॉइल उपसली. तिसरीखाली, प्लगच्या खड्ड्यात, पाणी साचलेलं. “भाऊजी, धुताना इंजिनावर पाइपानं पाणी कुणी मारलं?” दिरानं ओट्याजवळच्या पाइपाकडं पाहिलं. कुंकवानं लाल झालेली ती दस्ती मी हिसकावली, स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून खड्ड्यातलं पाणी टिपलं, कॉइल कोरडी करून बसवली. किल्ली फिरवताच इंजिन एका सुरात चाललं. मी स्वस्तिक पुन्हा काढलं. बोटाला उरलेलं कुंकू आरशात बघून कपाळावर लावलं. ओली दस्ती दिराच्या हातात ठेवली. “घ्या. आता पुसून दाखवा.”