माशांची बाळंतपणं

"बादलीत माशांच्या टाकीतलंच पाणी घे हं. नळाचं घातलंस तर बिथरतील," श्रीनिवासकाका म्हणाले. सरोजने प्लास्टिकचा मग टाकीत बुडवला.

काका विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत. हे मासे त्यांनीच आईला दिले होते, आता तेच परत न्यायला आले होते. दोन्ही मासे तळाची वाळू तोंडात भरून घेत होते आणि कल्ल्यांतून सोडत होते, रवा चाळावा तशी. आईला जाऊन महिना झाला होता.

"राहू द्यायचे का, बाबा?"

"नको," खिडकीशी बसलेले सदाशिवराव म्हणाले. "तिच्यामागे त्यांचं करणार कोण?"

"आईने पुष्कळ केलं. माशांची बाळंतपणं केली. माझं तेवढं राहिलं."

काकांनी मान खाली घातली. बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

तीन वर्षांपूर्वी सरोज सांगलीत बॅग भरून बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात आईचा ट्रंककॉल आला.

"इकडे येऊ नकोस गं, मे महिन्यात नुसती भट्टी असते. आणि मलाही निघता येत नाही. मादीने पिल्लं तोंडात धरलीत. खात नाही, पीत नाही. जरा दचकली की टाकून देईल."

"आई, मासा तो!"

"आई आहे ती," असं म्हणून आईने फोन ठेवला. बाबा त्या दिवशी फोनवर आलेच नाहीत.

बाळंतपण सासूबाईंनी केलं. न्हाऊमाखू घालताना त्यांचे हात हळुवार होते. तरी दर वेळी सरोजचे डोळे भरून यायचे. पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा सरोज उशाशी बसून होती. तेव्हाही तिने हे विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"काका, ती पिल्लं जगली का हो?"

"कुठली गं?"

"आईच्या मादीची. तीन वर्षांपूर्वीची."

काका हसले. "वहिनींची मादी? मादी माझ्याकडे एकच होती, ती मी कुणाला द्यायचो नाही. हे दोघेही नर. पहिल्यापासून."

"मग तोंडात काय होतं?"

"वाळू. दुसरं काय असणार?"

सरोजने बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरच बघत होते.

"त्या मे महिन्यात तिचं पहिलं ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "तुला कळतं, तर दिवस भरलेली तशीच गाडीत बसली असतीस."