शुक्रवारचा चालता वर्ग

"रोजिना, तू बोल," अधिकारी सरांनी छत्रीचं टोक फूटपाथकडे रोखलं. "समोर दिसतंय त्यावर. आणि या आठवड्याचे शब्द आले पाहिजेत."

दर शुक्रवारी अधिकारी सर आपला इंग्रजीचा वर्ग असा बागबजारात फिरवून आणत. शहर, कायदा आणि जगाचे प्रश्न हा धडा चार भिंतींत शिकवण्यात काय हशील, असं त्यांचं म्हणणं. दिसेल त्यावर बोलायचं आणि साधे शब्द वापरायचे नाहीत. गर्दीला गर्दी म्हटलेलं चालत नसे, कंजेशन म्हणावं लागे. ज्याला ऑस्ट्रेलियाला जायचंय त्याचं गर्दीवर कसं भागणार?

छत्रीच्या टोकाशी निळं प्लास्टिक अंथरलेलं होतं. त्यावर पेरूंचा ढीग, आणि ढिगामागे रोजिनाची आई. ती रोज असनच्या चौकात बसायची. दसैं, म्हणजे नेपाळी दसरा, तोंडावर आलेला; सणाच्या गर्दीमुळे तिथून आज उठवलं असणार.

लेकीला बघून आईचा चेहरा फुलला. हाक मारायला तिने हातही उचलला. रोजिनाने नजर काढून घेतली आणि सरांच्या छत्रीकडे लावली. आईचा उचललेला हात तसाच खाली आला आणि पेरूंवरच्या माश्या हाकलू लागला.

रोजिना वर्गात पहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. "हे एन्क्रोचमेंट आहे," तिने इंग्रजीत सुरुवात केली. फूटपाथ पादचाऱ्यांसाठी असतो. ही माणसं कर भरत नाहीत, वर कचरा करतात. कायदा मोडणाऱ्यांवर दया करत बसलं तर शहर कधीच सुधारणार नाही. यांना हटवलंच पाहिजे. घोकलेली वाक्यं एकामागून एक सुबक बाहेर पडत होती. कुठेतरी अडखळावं असं तिला बोलता बोलताच वाटत होतं, पण मेली जीभ काही अडखळेना.

आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मान वर करून ती ऐकत होती आणि ओठ मिटून हसू दाबत होती. ते हसू रोजिनाला सोसवेना.

"वा," सर म्हणाले. "आता बिपना, तू दुसरी बाजू मांड."

बिपना तोंड उघडणार, तोच कोपऱ्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. जप्तीची गाडी. फूटपाथवर एकच धांदल उडाली. आईने प्लास्टिकच्या चार टोकांच्या दोऱ्या ओढल्या आणि ढिगाचं बोचकं झालं. आता ते कुणाच्या तरी हातात द्यायचं. इथली ती रीतच आहे. विकणाऱ्याकडचा माल गाडीत जातो, गिऱ्हाइकाच्या हातातल्याला कुणी शिवत नाही. म्हणून गाडी दिसली की जवळ असेल त्याच्याकडे बोचकं द्यायचं, आणि तोही, कोण कुठला का असेना, गाडी जाईपर्यंत मुकाट धरून उभा राहतो.

बोचकं घेऊन आई उठली तेव्हा सगळ्यांत जवळ रोजिनाच होती. तिचे हात पुढे झाले. अर्ध्यावर आले आणि तिने सरांकडे पाहिलं.

आईने ते अर्धे हात पाहिले. मग लेकीला वळसा घालून तिने बोचकं बिपनाच्या हातात दिलं. "एवढं धरा हं बहिनी. तुमचेच आहेत म्हणा," असं धाकट्या बहिणीला सांगावं तसं सांगून ती मागच्या भांड्यांच्या दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली.

गाडीतून एक जण उतरला. "काय आहे यात?"

"पेरू," बिपना म्हणाली.

"एवढे?"

"दसैं आलाय ना, दाइ," ती थोरल्या भावाशी बोलावं तसं म्हणाली. "आमच्या घरात तोंडं का कमी आहेत?"

त्याला ते फारसं पटलं नसावं. तो रोजिनाकडे वळला. "विकणारी बाई कुठे गेली? पाहिलीस?"

"मी नाही ओळखत तिला," रोजिना म्हणाली.

ओळखतेस का, असं त्याने विचारलंच नव्हतं. आणि हे मात्र ती नेपाळीत बोलली होती. भांड्यांचं दुकान हाकेच्या अंतरावरही नव्हतं, त्याहून जवळ होतं.

गाडी पुढे गेली. आई परत आली, तिने बोचकं सोडून ढीग पुन्हा मांडला आणि बिपनाच्या पाठीवरून हात फिरवला. मग नको नको म्हणत असताना सगळ्यांना एकेक पेरू दिला. पिवळे, पिकलेले, वास सुटलेले. सरांना त्यातला मोठा. रोजिनाची पाळी आली तेव्हा आईने ढिगात हात घातला आणि तळातून एक शोधून काढला.

"घ्या बहिनी."

गिऱ्हाइकांना म्हणायची तसंच म्हणाली. वर बघायची रोजिनाला छाती झाली नाही. शरमेने तिचे कान तापले होते. दोन्ही हात पुढे करून तिने पेरू घेतला. आता ते हात पुरते पुढे झाले.

वर्ग चालू लागला. सर नवीन शब्द सांगत होते. बिपनाने पेरूचा मोठा लचका तोडला आणि रोजिनाच्या हातात डोकावून पाहिलं.

"अगं, तुलाच कसा हिरवा दिला? दगड आहे नुसता. जा, बदलून घे. भली बाई आहे, देईल."

"असू दे," रोजिना म्हणाली. "मला कच्चाच आवडतो."

"हो? मग बरं ओळखलं गं तिने."