लिहू न देणारी डिस्क

शिंप्याची बायको वारली आणि तिचा संगणक त्याच्याकडे आला. दुसऱ्या लग्नासाठी त्याने स्वतःची माहिती लिहिली, पण सेव्ह करायला गेलं की पडद्यावर लिनक्सचं एकच पालुपद: डिस्कवर लिहिता येत नाही.

शेवटी मुलीने डिस्क तपासली. "बाबा, ठणठणीत आहे. माझी फाइल झाली की सेव्ह! तुम्ही लिहीत काय होतात?"

"काही नाही गं, असंच." त्याची मान वर होईना.

"जाऊ दे, नवी लावू." तिने वायरी काढून डिस्क त्याच्या हातावर ठेवली.

वायर नसतानाही डिस्क आतल्या आत फिरायला लागली. लिहिताना करते तशी कुरकुरायला लागली.

मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने ती ओंजळीत घट्ट दाबली. डिस्क गरम होत गेली, माणसाच्या अंगाइतकी.