ओडेटच्या फाईलमधला कचरा

अगं, तू फक्त ऐक. शुक्रवारची दुपार, हॅलिफॅक्समधलं आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस, आणि ओडेट विचारतेय, "माझ्या फाईलच्या शेवटी हा कचरा कुणी टाकला?"

ओडेटला दिसत नाही. तिचा कॉम्प्युटर स्क्रीनवरचं सगळं तिच्या कानात वाचतो. बटण दाबलं की एक ओळ, परत दाबलं की पुढची. कोडमध्ये साधा कंससुद्धा सुटून चालत नाही, म्हणून तिने त्याला प्रत्येक चिन्ह बोलायला लावलंय. कंस, स्वल्पविराम, स्टार, सगळं. तेही इतक्या वेगात, की पत्र्यावर गारा पडतायत असं वाटावं.

आमच्या सगळ्यांच्या ओळी लांबलचक. तुमची ओळ संपेपर्यंत माझा चहा गार होतो, असं ती वैतागून म्हणायची. आम्ही हसायचो आणि विसरायचो. एकटा लॅकलन विसरला नाही. तो तिच्यासाठी प्रत्येक ओळ तोडून तोडून लिहायचा. पार बुडालेला गं प्रेमात, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. आणि त्या दिवशी ओडेटचा ऑफिसातला शेवटचा दिवस. रात्रीच्या विमानाने ती विनिपेगला निघालेली, नव्या नोकरीवर.

मग या शहाण्याने काय केलं असेल? फाईलच्या तळाशी स्टार टाइप करून पत्त्यांत असतो तसा बदाम काढला. चित्र. जिला दिसत नाही तिच्यासाठी.

स्पेस, स्पेस, स्टार, स्टार ऐकून कान किटले माझे, ओडेट म्हणाली, आता पुसूनच टाकते. आख्खं ऑफिस फिदीफिदी. लॅकलन लालबुंद. काल घरून काम करताना मांजर कीबोर्डवरून चाललं असेल, असं काहीतरी पुटपुटला आणि पाणी प्यायला पळाला.

संध्याकाळी केक खाऊन सगळे निघाले. मी कोट विसरले म्हणून परत आले, तर ओडेट अजून खुर्चीत, आणि लॅकलन तिच्या टेबलापाशी खिळून उभा. टेबलावर रंगीत चॉकलेटच्या गोळ्या मांडलेल्या, ओळीखाली ओळ. हुबेहूब बदाम.

"मांजर जवळ आलं तरी शिंकतोस तू. तुझ्या घरात कुठलं मांजर?" ओडेट म्हणाली. "म्हणून पुसायच्या आधी परत ऐकलं. स्टार आला की गोळी, स्पेस आली की बोटभर जागा. उजवीकडे एक स्टार कमी होता रे गाढवा, तो घातलाय मी. आता तोंडाने सांग."

आणि या बावळटाने घाबरून काय करावं, तर त्याच बदामातली एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली. कुर्रकन आवाज झाला. ओडेट खदखदून हसली. चाचपून तिने दुसरी गोळी उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, एवढी खाऊन झाली की बोल, विमानतळाची टॅक्सी अजून बोलावलेली नाही मी.

खरं सांग, त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?