आक्षेप मान्य

ल्यूंगनं शपथेसाठी हात वर केला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, या चिन्याला बायबल कसलं देता? यांची शपथ कोंबडा कापून होते. कोंबडा द्या!"

सगळं कोर्ट खदखदून हसलं. कोर्ट म्हणजे गुत्त्यावरचा नाचाचा हॉल. चांदीच्या खाणीतली माणसं आज खिडक्यांतसुद्धा दाटीवाटीनं बसली होती.

ड्रूसिला ऑर्कट पहिल्या बाकावर होती, काळ्या कपड्यांत. समोर उंच खुर्चीत तिचा नवरा, जज्ज थॅडियस ऑर्कट. आरोपीच्या जागेवर बर्ल टॅकेट, खाणमालकाचा पुतण्या. खून झाला होता तो ईलमचा. ड्रूसिला आणि थॅडियसचा एकुलता एक मुलगा.

टॅकेट म्हणत होता, ईलमनंच आधी पिस्तूल काढलं. ल्यूंग हा ऑर्कटांचा चिनी आचारी, सगळ्या चिनी पुरुषांसारखी पाठीवर लांब वेणी असलेला. त्या दिवशी तो परसात चुलीतली राख टाकायला गेला होता. ईलम निःशस्त्र होता, हे त्यानं पाहिलं. ईलम पडल्यावर टॅकेटनं वाकून त्याच्या मुठीत पिस्तूल कोंबलं, हेही त्यानं पाहिलं. पाहणारा तो एकटाच.

पण गोऱ्या माणसाविरुद्ध चिन्याची साक्ष त्या प्रांतात चालत नव्हती. काही वर्षांपूर्वी पक्षाला खाणकामगारांची मतं हवी होती, तेव्हा हा कायदा विधिमंडळात मांडला तो ऑर्कटनंच. मंजूर झाला त्या संध्याकाळी घरी मोठी मेजवानी झाली. डुकराची तंगडी भाजली होती ती ल्यूंगनंच.

"आपल्याच मुलाच्या खटल्यात तुम्ही कसे बसणार?" ड्रूसिलानं नवऱ्याला विचारलं होतं.

"दुसरा जज्ज डोंगरापलीकडे आहे, ड्रूसी. खिंड अजून बर्फानं बंद आहे. आणि स्लोनला मी चालतोय."

मेरिट स्लोन हा टॅकेटचा वकील. पक्षाचा चिटणीसही तोच. मेलेल्याचा बाप त्याला न्यायाधीश म्हणून कसा चालतो, हे ड्रूसिलाला समजेना. पण तिनं फार विचार केला नाही. खुर्चीत बाप बसलाय. कायदा त्यानंच लिहिलाय, तर त्यातून वाटही तोच काढेल. याच आशेवर ती तिथं आली होती.

सरकारी वकिलानं विचारलं, "काय पाहिलंस?"

"ईलमबाबा कुंपणाशी उभा होता," ल्यूंग हळू, जपून बोलत होता. "त्याचे हात रिकामे होते. तो टॅकेटला म्हणाला, जाऊ दे, घरी जा. मग टॅकेटनं…"

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. टॅकेटनं मान खाली घातली होती.

तेव्हा कुठे स्लोन उठला. "आक्षेप आहे, जज्जसाहेब. साक्षीदार चिनी आहे. कायदा आपल्याला मी काय सांगावा?"

थॅडियसनं ल्यूंगकडे पाहिलं. मग बायकोकडे. ड्रूसिलानं हात जोडले नाहीत एवढंच. बाकी सगळं तिच्या डोळ्यांत होतं.

"आक्षेप मान्य," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "माझ्या रक्तासाठी मी कायदा वाकवणार नाही."

लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कोंबड्याची थट्टा करणारा माणूस बाहीनं डोळे पुसू लागला. साक्ष गेली, तशी केसही गेली. टॅकेट अंधार पडायच्या आत सुटला आणि खालच्या गुत्त्यात पीत बसला.

घरी ड्रूसिला नवऱ्यावर ओरडणार होती. पण तो खुर्चीत असा मोडून बसला होता की तिला त्याचीच दया आली. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. "तुमचा काय दोष? तुमचे हातच बांधलेले," असं तीच त्याला समजावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ल्यूंग चहा घेऊन आला नाही. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून त्याची कापलेली वेणी खिळ्यानं ठोकलेली होती. तो स्वतः मागच्या ओढ्यात पालथा सापडला.

"टॅकेटचीच माणसं ही!" ड्रूसिला म्हणाली. "धरा त्यांना!"

"धरू. पण साक्षीदार कुठाय?" थॅडियसनं विचारलं आणि बूट चढवले.

पोटच्या पोरापेक्षा कायदा मोठा मानणारा जज्ज ही गोष्ट गावोगाव पसरली. शरद ऋतूत पक्षाच्या अधिवेशनात थॅडियसला वॉशिंग्टनच्या संसदेतल्या जागेसाठी उमेदवारी मिळाली. एकही मत विरोधात गेलं नाही. त्यानं भाषणात खटला सांगितला. ईलमचं नाव आलं तिथं तो थांबला, घोटभर पाणी प्याला. बायका हुंदके देत होत्या. ड्रूसिलाही रडली. या माणसाला आपण मनातल्या मनात किती दोष दिला, असं तिला वाटलं.

नंतरच्या जेवणात स्लोन ग्लास सावरत तिच्याशेजारी येऊन बसला. चेहरा लालबुंद झाला होता.

"बाईसाहेब, अभिनंदन! काय डोकं आहे हो तुमच्या यजमानांचं!"

"डोकं कसलं?" ती म्हणाली. "काळीज लागलं त्याला."

"ते तर आहेच. पण डोकंसुद्धा! टॅकेट सुटला की सगळ्या खाणीची मतं आपली, हे खटल्याआधीच ठरलं होतं. ते तुम्हाला ठाऊक असेलच. मी तर त्या चिन्याला वर चढूही देणार नव्हतो, नाव पुकारल्याबरोबर आक्षेप घ्यायला उभा राहणार होतो. जज्जसाहेबच म्हणाले, 'घाई करू नकोस, स्लोन. त्याला थोडं बोलू दे. मी काय सोडतोय, ते लोकांना कळलं पाहिजे.'"